चोची मोजायच्या राहिल्या

माझ्या हुद्द्यात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे. त्यामुळे मी सतत विमानात असतो, अशी नागपूरच्या नातेवाइकांची समजूत आहे. दर दिवाळीला नाशिकहून येणारी आत्या विचारते, “यंदा कुठं जाऊन आलास रे?” यंदा फार तर के. आर. पुरमपर्यंत गेलो, हे सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून मी “पूर्वेकडं” एवढंच म्हणतो. ते खोटंही नाही; के. आर. पुरम बेंगळुरूच्या पूर्वेलाच आहे.

सरकारी व्यापार विश्लेषकाचं काम सांगायला सोपं आहे. राज्यातला कुठला माल कुठल्या देशात किती गेला याचे आकडे वरून येतात. ते पाहून ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ असं लिहायचं आणि खाली एक कारण जोडायचं. आकडा सरकारचा असतो, कारण आपलं आपण शोधायचं असतं. जागतिक मंदी, डॉलर, पाऊस, कंटेनरची टंचाई अशी चार-पाच कारणं मी कायम तयार ठेवलेली असत आणि पाळीपाळीनं वापरत असे. हे काम मला उत्तम जमतं असं माझं मत होतं. कार्यालयात त्या मताचा मी एकटाच होतो.

आणि विभागाच्या प्रमुख होत्या अक्का.

त्यांना नाव होतं, दारावरच्या पाटीवर ते लिहिलेलंही होतं, पण शिपायापासून उपसंचालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. घर जयनगरला. घराणं मराठी, पण बेंगळुरूत कधी आलं हे विचारलं तर त्या “आजोबांच्या आजोबांना विचारायला पाहिजे” म्हणायच्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबरठ्यावर दोन्हींची मिसळ. ठीक आहे म्हणायचं तर “सरी”, थोडं म्हणायचं तर “स्वल्प”. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, पायात धावायचे बूट. बूट का, तर त्या लिफ्ट वापरत नसत. “लिफ्टमध्ये माणसं वर बघतात. जिन्यात एकमेकांकडं बघतात,” हे त्यांचं कारण. आमचं कार्यालय पाचव्या मजल्यावर होतं, त्यामुळं मी त्यांच्याकडं बघायचो तेव्हा मला धाप लागलेली असायची.

रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझी कागदपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, “नागपूरचा ना तू? संत्री कुठं कुठं जातात?”

अर्थशास्त्रात एम. ए. केलेला मी, व्यापारतोलाचे सिद्धांत पाठ असलेला मी, छातीठोकपणे म्हणालो, “पुण्याला जातात. मुंबईला जातात. आत्या आली की तिच्या पिशवीतून नाशिकला जातात.”

त्या हसल्या नाहीत. मालाच्या वर्गीकरणाचं जाडजूड पुस्तक त्यांच्या टेबलावर कायम असे. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कप्पा असतो: ‘इतर, अन्यत्र न नमूद केलेले’. कशातच न बसणारा माल तिथं टाकतात. अक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “सध्या तू इथं बस. पुढचं पुढं बघू.” मी बरेच महिने तिथं बसलो.

अक्कांचे नियम दोन. पहिला: जिन्नस टेबलावर आल्याशिवाय टिपण लिहायचं नाही, आणि खाण्याचा असेल तर चाखल्याशिवाय त्या सही करायच्या नाहीत. काजू, कॉफी, मिरी, चिंच, आवळ्याची पूड, सगळं त्यांच्या जिभेवरून जायचं. रेशीम त्या गालाला लावून बघत. ग्रॅनाइटचा तुकडा त्यांनी जिभेला लावला होता की नाही, याबद्दल कार्यालयात दोन तट होते. प्रत्येक टिपणाच्या तळाशी, सहीच्या वर, त्यांच्या हातानं एक शेरा असे. ‘कडू, बरी.’ ‘खवट. गोदाम ओलं असणार.’ सचिवालयातले लोक आमची टिपणं वाचत नसत, पण हा शेरा सगळे वाचत.

एकदा माझ्या वाट्याला घर्किन आलं. बोटाएवढी काकडी, आपल्याकडं कोणी खात नाही, तरी आजूबाजूच्या तालुक्यांत पिकते, आंबट पाण्यात बुडते आणि बरण्यांतून थेट परदेशी जाते. अक्कांनी बरणी माझ्यापुढं ठेवली. “खा. संपेपर्यंत लिहू नकोस.” मी तीन दिवस खात होतो. चौथ्या दिवशी मी लिहिलेल्या टिपणात मागणीचा अंदाज फारच खाली आला होता. अक्कांनी तो खोडला आणि बाजूला लिहिलं, ‘हे याचं पोट बोलतं आहे, बाजार नाही.’

दुसरा नियम: तोंडानं भागायचं. कुठल्याही देशात कितीही माल गेलेला असो, त्याला तिथल्या तोंडांनी भागायचं. “आकडा मोठा असला की आपण घाबरतो. माणशी किती आलं बघ, मग तो माणसात येतो.” मी एकदा लिहिलं होतं की एका बेटावर आपल्या मिरचीची मागणी प्रचंड वाढली आहे. अक्कांनी पेन्सिल घेतली, भागाकार केला, आणि विचारलं, “तान्ह्या बाळासकट प्रत्येकानं रोज ओंजळभर मिरची खाल्ली म्हणून सांगतोस. ती बाळं रडली नाहीत?” मग कळलं की ते बेट म्हणजे नुसतं बंदर; माल तिथं उतरतो आणि दुसऱ्या जहाजात चढून पुढं जातो. माझी उगवती बाजारपेठ पाण्यात गेली.

ही खोड त्यांच्या घरीदारी पसरलेली होती. जयनगरच्या बाजारात त्या भाजीवालीला विचारत, “एवढी कोथिंबीर? गल्लीत घरं किती?” लग्नाला गेल्या की जिलेबीचं ताट बघून पाहुणे मोजत. मलाही ती लागली. बायको कोरमंगलात एका स्टार्टअपमध्ये होती. तिच्या मालकानं पार्टीला मागवलेल्या पिझ्झ्यांना मी हजर तोंडांनी भागून दाखवलं, तेव्हा तिनं मला तिच्या सहकाऱ्यांत न्यायचं बंद केलं.

अक्कांच्या टेबलाला एकच गोष्ट वर्ज्य होती. अंडी, मांस, मासळी यांची टिपणं शेजारच्या विभागात जात. अक्कांचं घर सोवळ्यातलं; बाहेर चहा पितानाही कपाकडं एकदा निरखून बघत. मी मात्र दुपारी कोपऱ्यावरच्या बेकरीत एग पफ खायचो. खाऊन आलो की जिन्यातच त्यांचं नाक वर व्हायचं. “तोंड धुऊन ये रे. मग आकडे सांग.” मी बडीशेप खायचो, लवंग खायचो, एकदा तर घर्किन खाल्लं. कशाचाही उपयोग झाला नाही.

आता माझ्या प्रोबेशनबद्दल सांगायला हवं. कायम व्हायचं तर प्रमुखांची शिफारस आणि सचिवांची मान्यता लागते. अक्का महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या आणि माझी शिफारस त्यांच्याच हातची होती. कायम झालो नाही तर काय, याची व्यवस्था तिकडं नागपूरला झालेली होती. सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्याच्या डाव्या हाताला, नटबोल्टच्या खणांपाशी, माझ्यासाठी एक स्टूल त्यांनी लग्नापासूनच राखून ठेवलेलं. बायको बेंगळुरूत आणि मी त्या स्टुलावर, हे चित्र मला रोज सकाळी दात घासताना दिसायचं. सासरे मनानं फार चांगले. पण जावई सरकारी नोकरीत टिकणार नाही, याबद्दल त्यांची खात्री माझ्यापेक्षा जुनी होती.

त्यातच झेंडू उपटला.

कर्नाटकात झेंडू पिकतो तो फक्त हारांसाठी नाही. पाकळ्या वाळवतात, त्यांचा अर्क काढतात आणि तो परदेशी जातो. युरोपातल्या एका छोट्या देशात तो भरमसाट जात असल्याचं मला आकड्यांत दिसलं. देशाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. अक्का भाचीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. सचिवसाहेबांना मंत्र्यांच्या भाषणात घालायला एखादा झळकदार आकडा तातडीनं हवा होता. मी टिपण लिहिलं: वनस्पतीजन्य खाद्यरंगाच्या निर्यातीत लक्षणीय वाढ. कारण म्हणून त्या वेळी पाळी ‘नैसर्गिक पदार्थांकडे जगाचा कल’ याची होती, ते टाकलं आणि अक्कांच्या सहीची वाट न बघता टिपण वर पाठवलं.

रजेवरून परतल्या त्या सकाळीच बैठक होती. अक्कांनी टिपण तिथं, खुर्चीत बसता बसता वाचलं. मग पेन्सिल काढली. भागाकार मी केलेला नव्हता.

सचिवसाहेब उत्तरेकडचे, बैठका हिंदीत चालत. अक्का आपल्या बेंगळुरी हिंदीत म्हणाल्या, “साब, नंबर गलत है. इतना रंग एकेक आदमी के पेट में गया तो पूरे देश को पीलिया हो जाएगा.”

एका अख्ख्या देशाला कावीळ, या कल्पनेनं टेबलाभोवती हसू फुटलं. सचिवसाहेब हसले नाहीत. तो आकडा मंत्र्यांच्या भाषणात टाइप होऊन गेलेला होता. त्यांनी विचारलं, “किसने बनाया?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

“प्रोबेशन पे है ना? कन्फर्मेशन रोक दीजिए.” आणि ते पुढच्या विषयाकडं वळले.

बाहेर आल्यावर मी जिन्यात अक्कांना म्हटलं, “अक्का, निदान खोलीत तरी सांगायचं होतं. सगळ्यांसमोर काहून?” रागावलो की मी नागपूरचा होतो.

“आकडा चुकला तर चुकला म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “माणूस आपला म्हणून आकडा आपला होत नाही रे.” आणि धावायच्या बुटांनी खाली निघून गेल्या. मला त्यांचा इतका संताप आला की मी लिफ्टनं गेलो.

घरी सांगितलं. बायकोनं भाताला फोडणी घातली, म्हणजे ती फारच काळजीत होती. रात्री सासऱ्यांचा फोन. “जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. स्टूल पुसून ठेवतो.”

काही दिवस गेले. अक्कांचा निरोपसमारंभ कुठल्या सभागृहात करायचा यावर चर्चा चालली होती आणि अक्का मात्र अस्वस्थ होत्या. वर्गीकरणाचं पुस्तक उघडत, मिटत. एका सकाळी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“तो जिन्नस कुठं आहे?”

“कुठला?”

“झेंडूचा. माझ्या टेबलावर तो आलाच नाही. न बघता मी तुझा आकडा मारला. असं मी कधी केलं नव्हतं. चल.”

के. आर. पुरमच्या पुढं, हमरस्त्यापासून आत एका कारखान्यात आम्ही पोचलो. अंगणभर वाळत टाकलेल्या पाकळ्या आणि हवेत सणासुदीचा वास. व्यवस्थापक भला माणूस होता. त्यानं एका वाडग्यात काळपट नारिंगी, काकवीसारखा घट्ट अर्क आणून दिला. अक्कांनी सवयीनं बोट बुडवलं.

“अम्मा, थांबा,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “हे माणसं असं खात नाहीत.”

“मग?”

“कोंबड्या खातात. तिकडच्या लोकांना अंड्याचा बलक गडद लागतो. फिकट असला तर गिऱ्हाईक अंडं परत करतं. म्हणून कोंबडीच्या खाद्यात हे घालतात.” आणि त्यानं दोन बशांत दोन अंडी फोडून दाखवली. एक बलक फिकट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. दुसरा भगवा.

अक्कांनी दोन्ही बशा जवळ ओढल्या. मग त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि विचारलं, “त्या देशात कोंबड्या किती?” व्यवस्थापकानं कुठंतरी फोन लावून अंदाज विचारला. पेन्सिल निघाली. भागाकार झाला. कोंबडीमागं जे आलं ते एवढंसं, अगदी बेताचं होतं. एकाही कोंबडीला कावीळ होण्याचं कारण नव्हतं.

परतताना के. आर. पुरमच्या पुलाशी गाड्या तुंबल्या. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “आयुष्यभर तोंडं मोजली रे. चोची मोजायच्या राहिल्या.”

मी इथं मोठेपणा घेऊ शकलो असतो. पण आकडा बरोबर का आहे, हे त्यांच्याइतकंच मलाही त्या दिवशीच कळलं होतं. मी तो फक्त उतरवून घेतला होता. तसं मी म्हणालोही. “ते मला माहीत आहे,” अक्का म्हणाल्या. “पण उतरवून घेताना तू चुकला नाहीस. मी चुकले. तुझं पोट मी मारलं.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. तो तसा मी आधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. कारखान्यातून दोन्ही प्रकारची अंडी मिळवायची, उकडायची आणि डब्यात घालून आणायची. “माझ्या स्वयंपाकघरात नको. तुझ्या घरी उकड.” बायकोनं ती इतक्या मन लावून उकडली की जणू परीक्षा तिचीच होती.

सचिवसाहेबांच्या चकचकीत टेबलावर अक्कांनी माझा स्टीलचा डबा ठेवला, झाकण काढलं आणि त्यांच्याच फूटपट्टीनं दोन्ही अंडी मधोमध चिरली. एक फिकट, एक भगवं. खोलीत वास पसरला. ज्या वासावरून मला वर्षभर तोंड धुवायला पाठवलं जात होतं, तो हाच.

“साब, जिन्नस टेबल पे है,” अक्का म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. कोंबड्या सांगितल्या, भागाकार सांगितला. “उस दिन गलती मेरी थी. मैंने देखे बिना बोला. इस लड़के का नंबर सही था.”

मी तोंड उघडणार होतो. टेबलाखालून धावायचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथंच राहिला.

सचिवसाहेबांनी दोन्ही बलक बघितले. त्यांना मजा वाटली असावी. म्हणाले, आकडा मान्य. पण कन्फर्मेशनची आता घाई कशाला, मॅडम तर परवा निवृत्त होतायत, नवे प्रमुख येतील ते बघतील. मला नटबोल्टचे खण डोळ्यांपुढं दिसले.

“नहीं साब. टिप्पण मेरे सेक्शन का है. साइन मेरा होगा, और सिफारिश भी मेरी, अभी.” अक्कांनी सुधारलेलं टिपण आणि माझी शिफारस, दोन्ही कागद टेबलावर मांडले. पेन उघडलं. आणि मग पेन खाली ठेवलं.

सहीच्या वरची, शेऱ्याची जागा कोरी होती.

मला कळलं आणि मी म्हणालो, “अक्का, नको. याची गरज नाही.” सचिवसाहेबांनाही कळलं असावं, त्यांची भाषा एकदम मऊ झाली. “मॅडम, आप तो ये सब... रहने दीजिए.”

“चखे बिना मैं साइन नहीं करती,” अक्का म्हणाल्या. “उस दिन चखे बिना बोल दिया. देखा न क्या हुआ?”

त्यांनी पदर नीट केला. क्षणभर डोळे मिटले. कोणाची माफी मागितली ते त्यांनाच ठाऊक. मग करंगळीच्या नखाएवढा भगवा बलक उचलला आणि तोंडात ठेवला. आम्ही दोघे बघत होतो. त्यांनी तो गिळला, पाणी मागितलं नाही, दोन्ही कागदांवर सही केली आणि ते सचिवसाहेबांपुढं सरकवले. साहेबांनी, खुर्चीत सरळ होऊन बसत, आपलीही सही खाली केली.

बाहेर आल्यावर अक्का नळापाशी गेल्या आणि खळखळून चूळ भरली. एकदा, दोनदा. मी डबा आणि सही झालेले कागद हातात धरून मागं उभा होतो आणि मला रडू येत होतं. खोटं कशाला बोलू. ज्या माणसाला संत्री कुठं जातात हे सांगता आलं नव्हतं, त्याच्यासाठी एका बाईनं पिढ्यान्‌पिढ्यांचं सोवळं नखभर बाजूला ठेवलं होतं. सासऱ्यांना फोन करून स्टूल दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगायचं होतं, पण दोन्ही हात अडकले होते.

“अक्का, माझ्यासाठी कशाला...”

“तुझ्यासाठी कोण म्हणतं? नियम आहे.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. “रडू नकोस रे. सचिवालयाचा व्हरांडा आहे. आणि टिपण दे इकडं. शेरा लिहायचा राहिला.”

मी टिपण आणि पेन पुढं केलं. काजू चाखल्यावर, कॉफी चाखल्यावर त्या जसा विचार करत, तसाच त्यांनी केला. जीभ टाळूला लावून, डोळे बारीक करून, घाई न करता.

“लिहिते,” त्या म्हणाल्या. “स्वल्प मीठ पाहिजे होतं.”